पीएचक्यू-९ चा मराठी फॉर्म: आठ महिने वापरल्यावर

नैराश्याची चाचपणी करायला आमच्या समुपदेशन केंद्रात आठ महिने हा फॉर्म वापरतोय. फुकट आहे, परवानगी लागत नाही, पाच मिनिटांत भरून होतो. नऊ प्रश्न, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण २७. ५, १०, १५, २० या तीव्रतेच्या पायऱ्या. १० किंवा जास्त आले की सविस्तर मुलाखत. निदान मात्र यावरून करायचं नाही, आकडा फक्त चाळणीचा.

सगळ्यात जास्त चुका 'गेल्या दोन आठवड्यांत' या शब्दांवर होतात. माणूस आजच्या दिवसाचं उत्तर देतो. भरायच्या आधी कॅलेंडरवर बोट ठेवून 'या तारखेपासून आजपर्यंत' असं सांगितलं की उत्तरं बदलतात. 'बरेच दिवस' आणि 'अर्ध्याहून जास्त दिवस' या उत्तराच्या पर्यायांतही गोंधळ होतो, तिथे सरळ किती दिवस ते विचारावं. बरोबर आलेल्या नातेवाइकाला फॉर्म भरू देऊ नये. वाचता येत नसेल तर समुपदेशकानेच एकांतात वाचून दाखवावा.

झोप, थकवा आणि भूक या तीन प्रश्नांचेच मिळून ९ गुण होतात. रक्तक्षय, थायरॉईड, रात्रपाळी, बाळंतपणानंतरचे महिने, यांतही ते सहज भरतात. बेरीज १२ असली तरी हे तीन बाजूला काढून उरलेलं काय सांगतं ते बघा, आणि रक्ततपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवा. पूर्वी कधी उत्साहाचा, कमी झोपेचा, बेफाम खर्चाचा काळ होता का, हे फॉर्म विचारत नाही. ते तोंडी विचारायलाच हवं, नाहीतर बायपोलर आजार (ज्यात अतिउत्साहाचे आणि नैराश्याचे काळ येतात) नजरेतून सुटतो.

आता नववा प्रश्न. 'मेलेलं बरं' हा विचार आणि स्वतःला इजा करण्याचा विचार, दोन्ही एकाच चौकटीत आहेत. त्यामुळे १ गुण आला तरी थांबून विचारा: विचार कधीचा, काही ठरवलंय का, साधन घरात आहे का (गावाकडे कीटकनाशक), पूर्वी प्रयत्न झालाय का. बेरीज ४ असली तरीही. याचसाठी फॉर्म स्वागतकक्षात भरून फाईलला लावणं आम्ही बंद केलं. माणूस बाहेर पडण्याआधी तो प्रश्न वाचायला वेळ नसेल, तर त्या दिवशी फॉर्म देऊच नये.

संमती फॉर्म देण्याआधी घ्यायची, आणि गोपनीयतेची मर्यादाही तेव्हाच सांगायची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २३ खाली गोपनीयता हा हक्क आहे, जिवाला धोका हा तिला अपवाद. अठरा वर्षांखालील व्यक्तीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ही मर्यादा उत्तर मिळाल्यावर सांगितली तर ती फसवणूक वाटते, आणि वाटणं साहजिक आहे.

फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका. जोडप्याच्या समुपदेशनात एकाचे गुण दुसऱ्याला दाखवू नका. कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याचा आकडा एचआरला देऊ नका.

दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा भरून घेतो. ५ गुणांचा फरक दखल घेण्याजोगा, २ चा नाही. जाताना प्रत्येकाच्या हातात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी देतो.