पाढे घोकून घ्यायचे की पटीत मोजायला लावायचं?

इंदुरातल्या मराठी घरांत मूल दुसरी-तिसरीत गेलं की हा प्रश्न येतोच. आजीचा आग्रह असतो की दिवेलागणीला पाढे म्हणायचे. शाळेच्या पुस्तकात मात्र संख्यारेषेवर सात-सातच्या उड्या मारायला सांगितलेल्या असतात. अभ्यासाला रोज मिळतो थोडाच वेळ, मग आधी भर कशावर द्यायचा? माझं मत स्पष्ट आहे: तिसरीपर्यंत आधी उड्या, मागाहून पाठांतर. चौथीच्या पुढे पाढे कच्चे राहिले असतील, तर मात्र आधी पाठांतरच.

पाढ्याची ताकद त्याच्या तालात आहे. ‘सात सक बेचाळीस’ एकदा तोंडात बसलं की जन्मभर सुटत नाही, आणि मोठा भागाकार करताना मूल अडखळत नाही. पण नुसतं घोकलेला पाढा दोन ठिकाणी तोकडा पडतो. एकदम मधूनच ‘सात आठे?’ असं विचारा आणि मुलाच्या ओठांकडे बघा. ते ‘सात एके सात’पासून पुटपुटायला लागलं, तर पाढा अर्धाच झालाय. (छप्पन दुकानला, म्हणजे इंदुरातल्या खाऊच्या दुकानांच्या गल्लीत, गेलात की हा प्रश्न जरूर विचारा. छप्पन म्हणजे सात गुणिले किती, चौदा गुणिले किती, अठ्ठावीस गुणिले किती? खाता खाता भरपूर गणित होतं.) दुसरं म्हणजे पाढा दहावर थांबतो, त्यामुळे ७ च्या पटी ७० ला संपतात असं मुलाला वाटतं. मग ९१ समोर आलं की ते बिनधास्त मूळ संख्या ठरवतं. खरं तर ती ७ ची तेरावी पट आहे.

उड्यांमध्ये नेमकं हेच कळतं, की पटी संपत नाहीत. त्यासाठी दहा-दहाच्या ओळींत १ ते १०० लिहिलेला तक्ता आणि रंगीत पेन्सिली पुरतात. ५ च्या पटी रंगवल्या की दोन सरळ उभ्या पट्ट्या मिळतात. ९ च्या पटी ८१ पर्यंत दर वेळी एक घर खाली आणि एक घर डावीकडे सरकत तिरप्या उतरतात. ७ च्या पटी विखुरलेल्या दिसतात, पण एकक स्थानचे अंक वाचून बघा: ७, ४, १, ८, ५, २, ९, ६, ३, ०. दहाही अंक एकेकदा येतात आणि ७७ पासून तोच क्रम पुन्हा सुरू होतो. हे मुलाला आपण सांगायचं नाही, त्याला सापडू द्यायचं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. उणीव एकच, वेग. आठ उड्या मारून ५६ ला पोचणारं मूल परीक्षेत मागे पडतं, म्हणून पाठांतराला पर्याय नाही.

मोबाइलवरचे खेळ उजळणीला ठीक आहेत, सुरुवातीला नकोत.

आपल्याकडे आणखी एक पेच असतो: पाढे मराठीत, हिंदीत की इंग्रजीत? ‘सात साते एकोणपन्नास’, ‘सात सत्ते उनचास’ आणि ‘सेव्हन सेव्हन्स आर फॉर्टी नाइन’ या तिन्हींची सरमिसळ झाली की मूल अडकतं. मी एकच भाषा धरायला सांगेन, आणि जी व्यक्ती रोज सोबत बसून म्हणणार आहे तिचीच. आजी बसणार असेल तर मराठी. मात्र बेचाळीस म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी येतो. हिंदीच्या बयालीसचंही तेच. त्यामुळे ४२ च्या जागी २४ लिहिलं जातं. इंग्रजीत विसाच्या पुढे हा घोळ नाही, हा तिचा खरा फायदा. मराठी-हिंदीत म्हणणाऱ्या मुलाने पाढा म्हणता म्हणता लिहायलाच हवा.

दोन्ही पद्धतींतला फरक लसावि (दोन संख्यांची सर्वांत लहान सामाईक पट) आला की उघड दिसतो. ६ आणि ८ चा लसावि विचारला, तर फक्त पाढे घोकलेलं मूल बहुधा सहा आठे अठ्ठेचाळीस म्हणून मोकळं होतं. उड्या मारलेलं मूल ६, १२, १८, २४ आणि ८, १६, २४ लिहितं आणि चोवीसवर थांबतं. तुमचं मूल पाचवीत असेल, तर आज हे एकच उदाहरण घालून बघा. पाढ्यांवर भर द्यायचा की तक्त्यावर, ते त्याच्या वहीतूनच कळेल.