छोटा हातरंधा: दार घासतंय म्हणून घेतला, सहा महिन्यांनी लिहितोय

बेडरूमचं दार वरच्या कोपऱ्यात अडकायचं, म्हणजे बंद करताना खांदा लावायचा आणि उघडताना हँडल ओढून ओढून शेवटी हँडलच ढिलं झालं, मग वैतागून हा लोखंडी रंधा मागवला. एका हातात मावतो, साधारण 16 सेंटीमीटर लांब, पातं पुढेमागे करायला मागे एक चाक. पाचपैकी चार स्टार देतोय, एक का कापला ते आधी सांगतो.

डब्यातून निघालेल्या पात्याला धारच नाही. लाकडावर नुसतं खरवडतं आणि भुसा पडतो. 1000 ग्रिटच्या दगडावर आधी पात्याची पाठ सपाट केली, मग तिरकी बाजू घासली, तासभर गेला. वर मी पातं उलटं बसवलं होतं, कारण सुताराच्या मोठ्या रंध्यात धारेची तिरकी बाजू खाली असते तेवढंच माहीत होतं, या छोट्यात ती वर येते. सोबतच्या कागदावरचं चित्र एवढं बारीक की चष्मा लावूनही कळेना.

पण एकदा धार लागली की काय मजा येते राव! पातं अगदी केसभर बाहेर काढायचं, चेपायचं नाही, लांब हात मारायचा, कागदासारखे पातळ छिलके निघतात. पॉलिश पेपरने अर्धा दिवस घासून जे झालं नसतं ते दहा मिनिटांत झालं, आणि कड सरळ राहिली.

आता गंमत ऐका, ज्या बेडरूमच्या दारासाठी घेतला त्याला रंधा लागलाच नाही. मारायच्या आधी सहज दार अर्धं उघडून हँडलला धरून वर उचललं तर खडखड हललं, वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल. वरची बिजागरी सैल झाली की दार कुलपाच्या बाजूला झुकतं आणि वरचा कोपरा चौकटीला घासतो, लाकूड बिचारं फुगलेलंच नसतं. भोकं मोठी झाली होती म्हणून गमात बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या (गूल तोडून) ठोकल्या, वाळू दिलं, परत स्क्रू पिळले, एका जागी जरा लांब स्क्रू घातला. बस. तेव्हा घेण्याआधी स्क्रू ड्रायव्हर फिरवून बघा, कदाचित खर्च वाचेल तुमचा.

बाथरूमच्या दाराला मात्र खरंच उपयोग झाला. ते खाली घासायचं, उतरवून बघितलं तर खालची कड कोरी, ना रंग ना प्रायमर, तिथूनच वर्षानुवर्षं पाणी पीत होतं. खालच्या-वरच्या कडेला कोपऱ्यांवर लाकडाचे रेषे आडवे कापले जातात, तिथे रंधा बाहेरून आतल्या बाजूला मारा. मी पहिल्यांदा आरपार नेला आणि शेवटचा कोपरा टचकन फुटला. नंतर प्रायमरचे दोन हात दिले, अजून तरी ठीक आहे.

तिसऱ्या दारावर चूक माझी, रंध्याची नाही. भर पावसाळ्यात कुलपाच्या बाजूने घासत होतं, दार आणि चौकटीमध्ये कार्बन पेपर धरून चार वेळा उघडझाप केली, डाग पडले तिथे रंधा मारला, पण हात थांबेना आणि अजून थोडं, अजून थोडं करत बसलो. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, लांबीला जवळपास काही होत नाही. उन्हाळा आला आणि 2-3 मिलिमीटर हवी तिथे 5 मिलिमीटरची फट. आता रात्री पॅसेजमधला लाईट सरळ डोळ्यावर येतो. पावसाळ्यात थोडंसंच काढा, तात्पुरतं मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासून चालवा, आणि खूप काढायचंच असेल तर बिजागरीच्या बाजूने काढा, नाहीतर कुलपाची खाच परत कोरायला लागते (बिजागरीची खाच पण थोडी खोल करावी लागते, पण ते सोपं).

फ्लश दार असेल तर जपून, कडेला भरीव लाकडाची पट्टी असते तेवढीच काढायला मिळते, ती संपली की आतलं भुसकट दिसतं. आणि हो, वापरून झाल्यावर रंध्याला तेलाचा बोळा फिरवा, माझ्याला दोन आठवड्यांत गंज धरला होता.