आरआर ३१० डायनॅमिक किट: आठ महिने, साडेसहा हजार किमी आणि एक प्लास्टिकचा टाय

टीव्हीएसची अपाची आरआर ३१० घेतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, टॉप किती जाते? अरे मी रोज नवले ब्रिज उतरून ऑफिसला जातो, कसलं टॉप घेऊन बसलात. म्हणून इंजिनबद्दल काही लिहित नाही, ते भरपूर आहे. शॉकअप आणि चेसिसबद्दल लिहितो कारण अक्कल तिथेच आली.

टीव्हीएसने २०२१ मध्ये बिल्ट टू ऑर्डर, म्हणजे आपल्या पसंतीने गाडी बनवून घ्यायची सोय काढली, त्यातलं हे डायनॅमिक किट. पुढचे अपसाइड डाऊन फोर्क (पुढच्या चाकाचे शॉकअप) आणि मागचा मोनोशॉक (मागचा एकच शॉकअप), दोन्हीचं सेटिंग बदलता येतं. आता हातात स्क्रू मिळाला की माणूस गप्प बसतो का? रेसिंगच्या गाड्या कडक असतात एवढं एकच ज्ञान, त्यामुळे पहिल्याच रविवारी सगळं आवळून टाकलं. माझं वजन ६१ किलो, तेही जेवल्यावर.

पुढचे दोन महिने गाडीला शिव्या घातल्या. रंबलर आला की पुढचं चाक टणाटण नाचायचं, मनगटं भरून यायची, आणि जुन्या कात्रज घाटात उतारावरच्या एका वळणात लागोपाठ तीन-चार बारीक खड्डे आले तर पुढचं चाक वीतभर बाहेरच सरकलं. समोरून एसटी नव्हती म्हणून आज हे टाईप करतोय. चूक शंभर टक्के माझी.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या काकांनी गाडी चालवली पण नाही, नुसती सीट दोनदा दाबली आणि म्हणाले, "अरे ही बसतच नाहीये. आत लाकूड घातलंयस का?" मग फोर्कच्या खालच्या चकचकीत नळीला प्लास्टिकचा टाय बांधून दिला. फोर्क जेवढा दबेल तेवढा टाय सरकतो आणि तिथेच राहतो. मी सपाटून ब्रेक मारून आलो तरी फोर्क जेवढा दबू शकतो त्याच्या निम्मासुद्धा दबला नव्हता. म्हणजे पैसे दिले पूर्ण शॉकअपचे आणि वापरत होतो अर्धा.

मग सॅग मोजला, म्हणजे आपण बसल्यावर गाडी किती खाली बसते ते. मागचं चाक हवेत लटकताना अ‍ॅक्सलपासून शेपटीपर्यंत टेप धरायची, मग हेल्मेट-जॅकेटसकट बसून परत मोजायचं, फरक म्हणजे सॅग. धाकटा भाऊ टेप धरून "दादा हलू नको ना" करत वैतागला. निघाला १४ मिलिमीटर! रस्त्यावर साधारण ३०-३५ लागतो. गाडी खाली बसलेलीच नसेल तर खड्ड्यात चाक खाली जाणार कुठून, ते हवेतच राहणार आणि हवेत ग्रिप नसते. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, कमी करत सॅग ३२ वर आणला.

पण खरा फरक रिबाऊंडने, म्हणजे दबलेला शॉकअप किती वेगाने परत वर येतो त्या सेटिंगने पडला आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रिबाऊंड फार आवळला की दबलेला फोर्क हळू वर येतो, तो येईपर्यंत पुढचा खड्डा हजर, असं करत करत फोर्क खालीच अडकून बसतो. कात्रजला नेमकं हेच झालं होतं. एकदम नाही, दोन-दोन क्लिक (स्क्रूचा एकेक टप्पा) सोडत गेलो, दर वेळी तोच दीड किलोमीटरचा खराब पट्टा, मोबाईलमध्ये नोंद. सहाव्या क्लिकला गाडी अचानक शहाणी झाली.

चेसिसला मात्र नाव ठेवायला जागा नाही. सिलिंडर मागे झुकलेला आहे, त्यामुळे व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, १३६५ मिमी ठेवूनही स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लांब देता आलाय. वळणात थ्रॉटल उघडला की मागचं चाक निमूट ढकलतं. ट्रॅफिकमध्ये १७४ किलो जाणवतात, खोटं कशाला बोलू, यू-टर्नला क्लिप-ऑन हँडल (फोर्कलाच जोडलेलं, दोन तुकड्यांचं) टाकीला टेकतं आणि पाय टेकवत फिरवावी लागते. पण ताम्हिणीत एकदा लाईन पकडली की मधे खड्डा आला तरी लाईन सोडत नाही.

बायको मागे बसली की सगळं गणित परत बिघडतं. मागचं बसतं, पुढचं हलकं होतं, वळायला गाडी आळशी. तेव्हा प्रीलोड वाढवावा लागतो, आणि ती खाली उभी राहून विचारते, "झालं का तुझं, का मी रिक्षा करू?" दोनदा खरंच केली.

टाय अजून फोर्कवर आहे. पंपावरचा पोरगा दर वेळी तोडायला हात घालतो, मी दर वेळी ओरडतो.