वर्षाची सलाईन की सहा महिन्यांची सुई?

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. पाठीचा एक मणका दबलेला, हाडं ठिसूळ झालेली. चिठ्ठीवर दोन औषधांची नावं आणि मध्ये ‘किंवा’. “बाई, हे वर्षाचं घेऊ का थे सहा मह्यन्याचं? दोनीबी चांगले हायेत म्हन्ते डाक्टर.”

डॉक्टरांचं बरोबरच होतं. पण मी वर्धा जिल्ह्यात बरीच वर्षं कॅन्सर वॉर्डात नर्स म्हणून काढली आहेत. ही दोन्ही औषधं शेकडो हातांना दिली, आणि ती देताना झालेल्या चुकाही पाहिल्या. औषध चांगलं असणं वेगळं आणि ते आपल्या गावात, आपल्या अंगाला नीट लागू पडणं वेगळं. एकाला घाई चालत नाही, दुसऱ्याला उशीर चालत नाही. काकूंना मी हेच तासभर सांगत बसले.

पहिलं औषध झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. हे शिरेतून, सलाईनमधून देतात. ठिसूळ हाडांसाठी ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा. कॅन्सर हाडांत उतरला असेल किंवा मल्टिपल मायलोमा (हाडं पोखरणारा रक्ताचा कॅन्सर) असेल तर ४ मिलिग्रॅम, दर तीन-चार आठवड्यांनी. आजार आटोक्यात असेल तर बरेच डॉक्टर आता १२ आठवड्यांचं अंतर ठेवतात. दुसरं डेनोसुमॅब. ही कातडीखाली, दंडात, मांडीत किंवा पोटावर टोचायची सुई. ठिसूळ हाडांना ६० मिलिग्रॅम दर सहा महिन्यांनी, कॅन्सरमध्ये १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी. बाजारात दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळतात, म्हणून खोक्यावरचं मोठं नाव न वाचता खालचं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वाचा. एकाच बाईला हाडांच्या डॉक्टरांनी ५ ची सलाईन दिली आणि पुढच्याच महिन्यात कॅन्सरवाल्यांनी ४ ची, कारण खोक्यांवरची नावं वेगळी होती. सगळ्या डॉक्टरांसमोर एकच फाईल ठेवली की हे टळतं.

ताकदीचं म्हणाल तर फारसा फरक नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात वर्षाच्या सलाईनने मणक्याची मोड ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली. २००९ च्या अभ्यासात डेनोसुमॅबचे आकडे ६८ आणि ४० होते. अभ्यास वेगळे, माणसं वेगळी, तेव्हा दोन टक्क्यांवरून भांडू नये. निवड करायची ती किडनी, दात, तारीख आणि बर्फ या चार गोष्टींवर.

किडनीपासून सुरुवात करते, कारण आपल्याकडे याच ठिकाणी जास्त गफलत होते. झोलेड्रोनिक किडनीतून बाहेर पडतं. किडनी रक्त किती वेगाने गाळते तो किडनीचा वेग, म्हणजे क्रिएटिनिन क्लिअरन्स, मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर वर्षाची सलाईन द्यायची नाही. कॅन्सरच्या डोसात ६० च्या खाली मात्रा कमी करतात आणि ३० च्या खाली सहसा देतच नाहीत. आता गावातली पंचाहत्तर वर्षांची आजी घ्या. वजन ४० किलो, क्रिएटिनिन १.१. लॅबच्या कागदावर तो आकडा नॉर्मलमध्ये बसतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण वय, वजन आणि बाईमाणूस हे धरून हिशेब केला तर वेग निघतो जेमतेम २८. म्हणजे वर्षाची सलाईन या आजीसाठी नाहीच. आपल्याकडच्या कष्ट करून वाळलेल्या म्हाताऱ्या बायांना नुसत्या क्रिएटिनिनवर कधीही सोडू नका; “वेग किती निघाला?” हे डॉक्टरांना सरळ विचारा. खारं पाणी प्यावं लागणाऱ्या खारपाणपट्ट्यातले, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे किंवा जुन्या शुगर-बीपीचे लोक असतील तर दुप्पट आग्रहाने विचारा.

याच जागी डेनोसुमॅब पुढे जातं, कारण ते किडनीवर अवलंबून नाही. पण म्हणून किडनीवाल्यांना ते निर्धास्त घेता येतं असं समजू नका. किडनी फार खराब असेल, विशेषतः डायलिसिस चालू असेल, तर या सुईनंतर रक्तातलं कॅल्शियम जीवघेणं खाली जाऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, पायांत गोळे, छातीत धडधड ही त्याची लक्षणं, आणि ती घरी पोचल्यावर काही दिवसांनी येतात. दोन्ही औषधांच्या आधी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून, कमी असेल तर भरून घ्यावंच लागतं. आमचा जन्म उन्हात गेला, आम्हाला ड कसं कमी असेल, असं लोक म्हणतात. वॉर्डात रोज कमी निघायचं.

सलाईन देताना काय पाहायचं ते सांगते, कारण नातेवाईक बाजूला बसलेला असतो आणि त्याने पाहिलं तर बरंच वाचतं. औषध १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये घालतात. आपल्या दवाखान्यांत हाताशी असते ती आरएलची (रिंगर लॅक्टेट सलाईनची) बाटली, तिच्यात कॅल्शियम असतं. त्यात हे औषध मिसळायचं नाही, त्याच नळीतूनही सोडायचं नाही. आणि वेळ किमान १५ मिनिटं. १५ म्हणजे १५, घड्याळ लावून. गाडी सुटते म्हणून नळीचं चाक मोकळं सोडलं की त्याचा मार किडनीवर बसतो. त्या दिवशी उपाशी येऊ नका, घरून दोन ग्लास पाणी पिऊन निघा. एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ ला असताना एसटीत तीन तास घामाघूम होऊन आलेल्या माणसाला मी आधी तासभर बसवून पाणी पाजायचे, लघवी झाली का विचारायचे, मगच सलाईन लावायचे. जमत असेल तर वर्षाची तारीख हिवाळ्यातच धरा.

पहिल्या सलाईननंतर साधारण तिघांत एकाला ताप, अंगदुखी, थंडी वाजणं होतं, बहुधा तीन दिवसांत जातं, आणि पुढच्या वर्षी बरंच कमी होतं. त्याला पॅरासिटामॉल पुरे. पण गावात ताप आला की जवळच्या डॉक्टरकडे जाऊन ‘दुखीचं इंजेक्शन’ टोचून घेतात. ते बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक असतं आणि किडनीला तेच नको असतं. माझा जीव या एका गोष्टीने फार वेळा टांगणीला लागला आहे. निघतानाच पॅरासिटामॉलच्या गोळ्या घेऊन निघा आणि गावच्या डॉक्टरांना फाईल दाखवा.

सुईच्या बाबतीत असा ताप बहुतेक येत नाही, बसायचं नाही, शीर शोधायची नाही. कष्टाने जाड झालेल्या, केमोने शिरा आटलेल्या हातांसाठी ही मोठी सोय आहे. पण सुईला लागतो बर्फ. डेनोसुमॅब २ ते ८ अंशांत ठेवायचं. शहरातल्या दुकानातून घेतलं, पिशवीत टाकलं, मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी ठेवलं, तर गावात पोचेपर्यंत औषधाचं काय झालं कोण सांगणार? बर्फाच्या डब्यात ठेवतानाही बर्फाला टेकवू नका, गोठलं की ते वाया गेलं. कागदात किंवा रुमालात गुंडाळून मध्ये अंतर ठेवा, हलवू नका. माझं मत स्पष्ट आहे: सुई गावी आणून टोचू नये. जिथे फ्रिज आहे आणि वीज गेली तरी तो भरवशाने चालू राहतो, तिथेच घ्यावी आणि परत यावं. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना फुकट. सहा महिन्यांनी एक खेप झेपते.

आता उशीर. डेनोसुमॅबचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. झोलेड्रोनिक हाडांत मुरून राहतं. वर्षाची सलाईन दोन महिने लांबली तर आकाश कोसळत नाही, आणि काही वर्षांनंतर डॉक्टर ती थांबवून विश्रांतीही देतात. डेनोसुमॅब मात्र अंगात साठत नाही. त्याचा असर उतरला की हाडांची झीज उसळून वर येते, आणि एकाच वेळी दोन-तीन मणके मोडू शकतात. सहाचे सात महिने झाले की धोका सुरू. सोडायचंच असेल तर मध्येच सोडायचं नाही. त्या जागी झोलेड्रोनिकसारखं दुसरं औषध ठरवून द्यावं लागतं.

माझ्या एका रुग्ण आजीने हिशेब सोपा केला होता: एक सुई महाशिवरात्रीला, दुसरी पोळ्याला. बरोबर सहा महिने, विसरायचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये मात्र अधिक श्रावण आला. महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला आणि पोळा १४ सप्टेंबरला. आजी पोळ्याला आल्या तेव्हा जवळजवळ सात महिने झाले होते. डॉक्टरांनी लगेच मणक्यांचा एक्स-रे काढायला लावला. तो बरा निघाला, पण तो फोटो हातात येईपर्यंत मी दुसरं काही केलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या फाईलवर इंग्रजी महिन्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिते आणि आशाताईंच्या वहीतही टाकायला सांगते.

दातांच्या बाबतीत दोघं सारखेच. जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येणं हा दोन्हींचा त्रास. ठिसूळ हाडांच्या डोसात तो फार क्वचित, कॅन्सरच्या मोठ्या डोसांत शंभरात एखाद-दुसऱ्याला. तो बहुतेकदा दाढ उपटल्यानंतर सुरू होतो. म्हणून किडकी दाढ आधी काढून, जखम भरू देऊन मग औषध. आपल्याकडे यात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आडवा येतो. रोज खर्रा चघळणाऱ्याच्या हिरड्या तर खराब असतातच, पण सुपारीने तोंड उघडणंच बंद होत आलेलं असतं. दोन बोटंही आत जात नाहीत अशा तोंडातली दाढ काढणं दंतवैद्यालाही जड जातं. अशा माणसाने इंजेक्शन ठरण्याच्या खूप आधी दात दाखवायला हवेत. आणि औषध सुरू झाल्यावर कुठल्याही दातवाल्याकडे गेलात तर तोंड उघडण्याआधी औषधाचं नाव सांगा. मांडीत किंवा जांघेत नव्याने दुखायला लागलं तर तेही सांगा. क्वचित मांडीचं हाड किरकोळ कारणाने मोडतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईने गर्भाची गोष्ट आधी बोलून घ्यावी.

कॅन्सरने रक्तातलं कॅल्शियम चढलं असेल तर मात्र हा सगळा विचार ओट्यावर बसून करायचा नसतो. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणं. मे महिन्यात हे सगळं ‘ऊन लागलं’ म्हणून कांद्याच्या रसावर काढलं जातं. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल आणि ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी कॅल्शियम तपासा आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर थांबवून डॉक्टरांना सांगा. (ठिसूळ हाडांत जी गोळी लागते तीच इथे विष ठरते, म्हणून शेजारणीची गोळी आपल्याला लावू नये.) कॅल्शियमचा आकडा १२ च्या पुढे गेलेला असेल तर आधी शिरेतून भरपूर पाणी, मग झोलेड्रोनिक ४ मिलिग्रॅम. त्याला असर दाखवायला दोन-चार दिवस लागतात. तोवर तग धरण्यासाठी कॅल्सिटोनिन देतात, ते काही तासांत काम करतं पण दोनेक दिवसांत ढिलं पडतं. किडनी साथ देत नसेल किंवा झोलेड्रोनिकला दाद मिळाली नाही तर डेनोसुमॅब. हे सगळं भरती होऊन, सेवाग्राम-नागपूरसारख्या ठिकाणी.

पैशांचं: एका डोसाला झोलेड्रोनिक सहसा स्वस्त पडतं, डेनोसुमॅब भारतीय कंपन्यांचं आल्यापासून पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही, पण वर्षाला दोन लागतात. कॅन्सरच्या रुग्णाने महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर विचारल्याशिवाय खिशातून काढू नये.

काकूंचं काय ठरलं? वय ६४, वजन ५२, किडनीचा वेग ६० च्या वर. दात चांगले, खर्रा नाही. मुलगा पुण्याला, घरी त्या आणि म्हाताऱ्या सासूच, सोयाबीन काढायच्या दिवसांत दवाखान्याची तारीख पाळतील याची त्यांनाच खात्री नव्हती. मी म्हटलं, मी तुमच्या जागी असते तर वर्षाची सलाईन घेतली असती, जानेवारीत. त्यांच्या सासूचा वेग ३१ आहे, त्यांना डॉक्टर सुईच सुचवतील असं वाटतं, पण आधी कॅल्शियम आणि ड चा रिपोर्ट येऊ दे. मंगळवारी दोघी जातील. मी फाईलच्या पहिल्या पानावर वजन, वेग, औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि पुढची तारीख यांचे रकाने आखून दिले आहेत; तारखेची जागा मोकळी आहे.