३२ कपड्यांवर दहा महिने: तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या साफसफाईत कपाट रिकामं केलं आणि ठरवलं, रोजच्या वापराचे फक्त ३२ कपडे ठेवायचे. आता श्रावण लागलाय. नाशिकची थंडी, ऊन आणि पाऊस एवढ्यावरच काढून झाला, म्हणून आत्ता लिहितेय. दोन महिन्यांनी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं.

अशा मोजक्या, एकमेकांवर जुळणाऱ्या कपड्यांच्या कपाटाला 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हणतात. हा शब्द लंडनच्या कपड्यांच्या दुकानदार सुझी फॉ यांनी १९७०च्या दशकात रुजवला. १९८५ मध्ये अमेरिकन फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच आणला. पण तो कोट-स्कर्टचा हिशेब रोज स्कूटरवरून सातपूरला कामाला जाणाऱ्या बाईच्या काय कामाचा? म्हणून मी माझ्यापुरती सोपी रीत केली. आवरायला घेण्याआधी तीन आठवडे रोज काय घातलं ते वहीत लिहून ठेवलं. मोहरी रंगाचे पाच कुर्ते होते, त्यातला एकही अंगावर चढला नव्हता. धुण्यात सारखे येत होते ते निळे आणि विटकरी, पाऊण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे, खिसेवाले. दुकानात हात मोहरीकडे जातो, सकाळी साडेसातला निळ्याकडे. मी सकाळचा हात खरा मानला. माझी शैली काय, याचं इतकं सरळ उत्तर मला आधी कधीच मिळालं नव्हतं.

मग भद्रकालीतल्या शिंपीकाकांकडून आठ कुर्त्यांना खिसे लावून घेतले, खांद्यात उतरणारे तीन उसवून नीट बसवले. या सगळ्या खटाटोपात सर्वांत सार्थकी लागलेला पैसा तोच. अंगावर नीट बसणारा जुना कुर्ता नव्यापेक्षा जास्त वेळा घातला जातो.

एक गोष्ट मात्र आधी लक्षात आली नव्हती. कपडे कमी म्हणजे प्रत्येकाची पाळी लवकर येते, आणि तो लवकर झिजतो. त्यामुळे धुण्याची पद्धतच बदलावी लागली: कपडा उलटा करून, गार पाण्यात, पावडर निम्मी, वाळत सावलीत. निळीच्या रंगाचे कपडे तर वेगळेच भिजवायचे. नीळ धाग्याच्या वरच्या थरातच जास्त बसते, म्हणून घासली की सुटते. माझ्या पांढऱ्या पिशवीचा पट्टा पहिल्याच आठवड्यात निळा झाला. लेगिंगवर कडक इस्त्री फिरवायची नाही, ताण जातो. एका लॉंड्रीत माझी चंदेरी ओढणी इस्त्रीने करपली, भरपाईचं नावही निघालं नाही. तेव्हापासून नाजूक कापड घरीच, वर सुती फडकं ठेवून.

थंडीत फार काही लागलं नाही. तेच कुर्ते, वरून एक लोकरी शाल आणि बिनबाह्यांचं जाकीट. शाल ठेवून देताना स्वच्छ करूनच ठेवायची, घामाच्या आणि खाण्याच्या डागांवर कसर लागते.

खरी परीक्षा आषाढात झाली. जाड सुती कुर्ते दोन-दोन दिवस वाळेनात, दमट वास येऊ लागला, आणि एका सकाळी घालायला कोरडं काहीच नव्हतं. तिथे मी आकडा मोडला. पातळ मलमलचे चार कुर्ते वाढवले, ते पंख्याखाली रात्रीत वाळतात. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं, उघडीप मिळाली की दारं सताड उघडी. आता संख्या ३६ आहे आणि मला ती योग्य वाटते. पावसाळ्याचा विचार न करता ठरवलेला आकडा आपल्याकडे टिकत नाही.

आईची येवल्याची पैठणी या मोजणीत धरलेली नाही. ती मऊ, धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळलेली असते. दर तीन महिन्यांनी घडी बदलते, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं. जरीला अत्तर लागू द्यायचं नाही, डांबराच्या गोळ्या तर जवळही नकोत. पूर्वी मी त्या घडीत ठेवायचे आणि काठाची एक बाजू काळवंडली, ती काही परत उजळली नाही.

दसऱ्याला तीन कुर्ते बाद होतील, कोपराशी विरलेत. एकाला रफू होईल असं काका म्हणतात. दोन नवे घ्यावे लागतील. एक निळा नक्की, दुसऱ्यासाठी वही पुन्हा काढली आहे.