हाँगकाँगहून आणलेलं शानशुई प्रिंट: चित्र झकास, फ्रेमिंगने माती केली

हॉलिवूड रोडवर मान मो देवळाच्या जरा पुढे एक छोटी गॅलरी आहे, तिथून गेल्या वर्षी हे घेतलं. दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली तक्रार आहे. आजच्या एका तरुण चिनी चित्रकर्तीचं काम, त्याचं प्रिंट, 35 सेंमी उंच आणि दीड मीटर लांब, 1,600 हाँगकाँग डॉलर. रुपयांत करू नका, मी केले आणि दोन दिवस झोप उडाली.

शानशुई म्हणजे डोंगर-पाणी, चिनी निसर्गचित्राला हाच शब्द. हिने घेतलीये ती निळ्या-हिरव्या डोंगरांची जुनी पद्धत, 1113 साली वांग शीमेंग नावाच्या 18 वर्षांच्या पोराने जवळजवळ 12 मीटरचा पट त्याच पद्धतीने रंगवला होता, तो बीजिंगच्या पॅलेस म्युझियममध्ये आहे. आणि त्या डोंगरांत हिने शानहायजिंगमधले प्राणी दडवलेत, म्हणजे डोंगर-समुद्रांचा जो 18 प्रकरणांचा प्राचीन ग्रंथ आहे ना, त्यातले. नऊ शेपटांचा कोल्हा, मुंडकं उडाल्यावर छातीवर डोळे आणि बेंबीत तोंड घेऊन लढणारा शिंगत्येन (आपला कबंधच की!), एका पायाचा पक्षी बीफांग. बीफांग दिसला की आग लागते म्हणतात. दुकानाच्या कार्डावर मात्र त्याला 'फिनिक्स' लिहिलंय, अहो पाय तरी मोजायचे.

मी आधी डावीकडून बघत होते, काही केल्या लागेना. मग कळलं हा पट उजवीकडून डावीकडे वाचायचा, पूर्वी गुंडाळी हाताने उलगडत हातभर हातभरच बघायचे, त्यामुळे एका जागी उभं राहून सगळं दिसावं अशी रचनाच नसते, आपण चालत जायचं. तसं बघितल्यावर दोन महिन्यांनी अगदी डाव्या टोकाला एक पक्षी सापडला, तांदळाएवढा, चोचीत काडी. ही जिंगवेई. यानदी राजाची मुलगी पूर्व समुद्रात बुडाली, पक्षी झाली आणि पश्चिमेच्या डोंगरातून काड्या-खडे आणून तोच समुद्र बुजवत बसली. आपली टिटवी समुद्र उपसायला निघते, ही भरायला.

छपाई चांगली आहे, कागद जाड, रेषा कुठे फुटलेली नाही. पण हिरवा सपाट वाटतो. मूळ चित्रात मॅलाकाइट दगड दळून केलेला रंग आहे, जाड दळला की गडद, बारीक दळला की फिकट, आणि ते कण उजेडात हलके चमकतात. गॅलरीत मूळ चित्र शेजारीच होतं म्हणून कळलं, नाहीतर खपून गेलं असतं. प्रिंटरच्या शाईत ते येणं शक्य नाही, त्यामुळे याचा मार्क कापत नाही.

मार्क कापते फ्रेमिंगचा. त्यांच्याकडूनच करून घेतलं, वेगळे 450 डॉलर, आणि पठ्ठ्याने वरचं कोरं आकाश 'रिकामंच आहे' समजून माउंटखाली दाबून टाकलं, सोबत चित्रकर्तीचा लाल शिक्का पण अर्धा गायब! अहो ती कोरी जागाच तर चित्र आहे, तिथे धुकं आहे, डोंगर त्याच्यात विरतात. त्याला चिनीत लिऊबाय म्हणतात (आमच्या कोकणात ही शेजारीण असती). वर काच अशी चकचकीत की संध्याकाळी बीफांगच्या जागी आमची ट्यूबलाइट दिसते. फोन केला तर म्हणे फ्रेम केलेला माल परत घेत नाही.

ठाण्यात आणून परत उघडून घेतली, साधी लाकडी पट्टी, वरून चार बोटं आकाश मोकळं, बिनचमकेची काच. तेव्हा कुठे चित्र श्वास घ्यायला लागलं.

तर प्रिंटला 4 स्टार, फ्रेमिंगला 1 तो पण शिक्क्याची उरलेली अर्धी बाजू दिसत होती म्हणून. घ्यायचं तर नळीत गुंडाळलेलं घ्या आणि फ्रेम इथे करा. आई येता-जाता त्याला टिटवीचं चित्रच म्हणते, मी दुरुस्त करणं सोडून दिलंय.