सी-कयाक हंगामभर वापरून: वेग सोडा, थांबल्यावर कशी राहते ते बघा

बेळगावात राहून सी-कयाक, म्हणजे समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद बोट, कशाला, हे घरच्यांनी विचारलं, शेजाऱ्यांनी विचारलं, आणि उद्यमबागेत ज्याच्याकडून गाडीवरचा रॅक करून घेतला त्या फॅब्रिकेटरनेही वेल्डिंग थांबवून विचारलं: "एवढी लांब हाय, खरं बसायचं एकट्यानंच?" होय, एकट्यानंच. दिवाळीच्या तोंडावर गोव्यातल्या एकाकडून जुनी घेतली. आता मे संपत आलाय, १ जूनपासून किनाऱ्यावर मासेमारी बंदी लागेल आणि आमचाही गाशा गुंडाळायची वेळ आली आहे. म्हणून आत्ताच लिहून टाकतो.

बोट अशी: लांबी पाच मीटरपेक्षा थोडी जास्त, रुंदी ५६ सेंटिमीटर, साच्यात घडवलेलं (रोटोमोल्ड) पॉलिथिलीन प्लॅस्टिक, वजन २७ किलोच्या आसपास. पुढे-मागे दोन हॅच, म्हणजे सामानाचे झाकणबंद कप्पे, पाठीमागे हात पोचेल असा तिसरा छोटा. रडर (सुकाणू) नाही, स्केग आहे. म्हणजे मागच्या तळातून खाली सरकणारी पात, जिचा स्लायडर कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या जागेच्या, बाजूला असतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. या जातीच्या बोटी बऱ्याच जण करतात आणि मी जे सांगणार आहे ते जातीबद्दल आहे.

पहिले काही आठवडे हिडकल धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात काढले, आणि खरं सांगायचं तर बोट आवडली नाही. सपाट पाण्यात ती सतत कंबरेखाली हलत राहते. शिंक आली तरी डुलते. कृष्णाकाठी चिकोडी-अथणीकडे गुळाच्या काहिलीतून नदी ओलांडलेली माणसं आमच्या नात्यात आहेत, त्यांच्यातल्या एका काकांना बसवलं तर दोन मिनिटांत म्हणाले, "उतरव बाबा, काहील बरी." संथ पाण्यात ते बरोबरच होते. काहिलीचा तळ सपाट, भरपूर रुंद, त्यामुळे पाणी जसं आडवं तशी ती आडवी. पण हाच गुण लाटेवर उलटतो. सपाट तळाची बोट पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहते, म्हणून बाजूने आलेल्या लाटेचा उतार जेवढा, तेवढी तीही कलते. अरुंद, गोलसर तळाच्या कयाकखालून लाट निघून जाते आणि वरचा माणूस बराचसा सरळ राहतो. शिवाय ही बोट थोडी कलल्यावर एका जागी टेकल्यासारखी होते आणि पुढे कलायला नकार देते. पहिल्या डुलण्याला घाबरून परत विकू नका, एवढंच या टप्प्यावर सांगेन.

आमचा ग्रुप सहा-सात जणांचा. बेळगाव, खानापूर, एक निपाणीचा. खानापूर-रामनगर-जोयडा करत कारवारला उतरतो, आदल्या रात्री मुक्काम, पहाटे पाण्यात. देवबाग ते माजाळी हा नेहमीचा पट्टा. हवा चांगली असेल तर कुर्मगड बेटाच्या दिशेने. दक्षिणेला नौदलाचा आयएनएस कदंब तळ आहे, तिकडे तोंडही वळवत नाही. निघायच्या आधी किनारी पोलिसांना कळवतो. लाइफ जॅकेट घालायचंच, त्यावर ग्रुपमध्ये चर्चा होत नाही. जानेवारी २०१९ मध्ये कुर्मगडच्या नरसिंहाच्या जत्रेहून परतणारी बोट याच पाण्यात उलटली होती आणि बरेच जण बुडाले होते. तिकडच्या कोणत्याही मच्छीमाराला विचारा, तो अजून त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

आता मूळ मुद्दा. कयाक विकणारा, भाड्याने देणारा, व्हिडिओ करणारा, सगळे वेगाबद्दल बोलतात. पाण्यातल्या लांबीवरून कमाल वेगाचा जो ठोकताळा आहे, त्याप्रमाणे ही बोट ताशी साडेनऊ किलोमीटरपर्यंत जायला हवी. ग्रुपमध्ये आम्ही ताशी पाच-साडेपाचने जातो. त्या वेगाला बोटीने उठवलेल्या लाटेचा अडथळा फारसा नसतो, पाण्याचं घर्षण तेवढं असतं, आणि लांब बोटीचा भिजणारा भाग जास्त असल्याने तिला ते उलट जरा जास्तच होतं. म्हणजे ज्या लांबीसाठी पैसे मोजले, तिचा वेगासाठीचा फायदा ग्रुपसोबत जवळपास मिळतच नाही. सरळ रेषेत चालणं सोपं होतं, हा फायदा मिळतो आणि तो मोठा आहे.

पण ग्रुपमध्ये खरा वेळ जातो थांबण्यात. कुणाची टोपी पडली, कुणाला पाणी प्यायचंय, कुणी मागे राहिलं, पुढे रापणीची जाळी टाकलेली दिसली म्हणून वळसा कुठून घ्यायचा यावर दोघांची वादावादी. किनाऱ्यावर रस्त्याकडेला थांबतात तसं इथे थांबता येत नाही. वल्हं थांबलं की बोट वाऱ्याला आडवी होते, लाटा बाजूने यायला लागतात आणि सगळी बोट वाऱ्यासोबत वाहत सुटते. बोटीची परीक्षा इथे होते. ज्या भाड्याच्या रुंद बोटींवर आम्ही आधी जायचो, त्या चालताना मस्त आणि थांबल्या की लाटेगणिक झोके देणाऱ्या. दहा मिनिटांत कुणाला तरी मळमळायचं. या बोटीवर वल्हं मांडीवर आडवं टाकून चिक्की खाता येते. हिडकलला जी डुलत होती तीच ही.

वाऱ्याचं मात्र समजून घ्यावं लागतं. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून मेपर्यंत सकाळी मतलई वारे, जमिनीकडून, सौम्य. अकरा-बाराच्या सुमाराला खारे वारे सुरू होतात आणि दुपारी वायव्येकडून चांगला जोर धरतात. माजाळीचे एक मामा आम्हाला दर वेळी बजावतात, "दुपारच्या आत या हो, मग वारं धरतं." परतताना ते बाजूने लागलं की कुठलीही कयाक वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते. कारण साधं आहे: चालत्या बोटीचं पुढचं टोक न ढवळलेल्या पाण्यात घट्ट धरलेलं असतं, मागचं टोक ढवळलेल्या पाण्यात सैल असतं. वारा सैल टोकाला आधी ढकलतो. स्केग खाली केलं की मागचं टोकही धरलं जातं. पूर्ण वर, तर तोंड वाऱ्याकडे. पूर्ण खाली, तर वारा वाहतो तिकडे. मध्ये कुठेतरी ती जागा असते जिथे बोट आडव्या वाऱ्यात सरळ चालते. ती जागा वाऱ्यागणिक आणि सामानागणिक बदलते. मी जेवणाचे डबे आणि पाणी मागच्या हॅचमध्ये टाकतो तेव्हा स्केग कमी लागतं. सगळं पुढे टाकलं की बोट हट्टी होते.

वळणं हा हिचा कच्चा भाग. मागे कुणी हाक मारली, "अरे थांब की जरा!", तर भाड्याची छोटी बोट दोन वल्ह्यांत फिरते. ही मोठा वळसा घेते. कडेवर कलवली की टोकं पाण्यातून थोडी उचलली जातात आणि वळसा लहान होतो. लाटेच्या माथ्यावर, दोन्ही टोकं हलकी असताना वल्हं ओढलं तर आणखी लहान. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. तोवर ग्रुपमध्ये शेवटी राहण्याची जबाबदारी घेऊ नका, कारण शेवटच्याला सारखं फिरून बघावं लागतं.

काळी नदीच्या मुखाशी बोट सगळ्यात जास्त आवडली. दुपारची ओहोटी बाहेर निघालेली, समोरून वायव्येचा वारा, वर कद्रा धरणातून पाणी सोडलेलं असेल तर प्रवाह आणखी ताणलेला. प्रवाह आणि वारा समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पुढचं टोक त्यात खुपसतं, डेकवरून पाणी छातीपर्यंत येतं, कंबरेभोवती कॉकपिट झाकणारा स्प्रे स्कर्ट असल्याने आत येत नाही, आणि टोक पुन्हा वर येतं. यात गडबड नाही, धसका नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथला जुना पूल कोसळला तेव्हापासून आम्ही पुलाच्या खांबांपासून आणखी लांब राहतो. प्रवाहात खांबावर आडवी बसलेली कयाक काढणं माणसाच्या ताकदीबाहेरचं असतं.

उलटल्यावर परत बसवण्यात ही बोट सोपी आहे. सीटमागेच बल्कहेड, म्हणजे पाणी अडवणारी आडवी भिंत, असल्याने सोडवणारा तिचं पुढचं टोक आपल्या डेकवर ओढतो, कॉकपिटमधलं जवळजवळ सगळं पाणी सांडतं, सरळ करून माणूस चढतो. सराव असेल तर हे काम एक-दोन मिनिटांचं. आमच्यातल्या एकाच्या बोटीला बल्कहेड नाहीत. ती भरली की तरंगता हौद होतो आणि निम्मा ग्रुप तिच्याभोवती अडकून पडतो. सोडवणारी बोट म्हणूनही माझी चालते. दोन बोटी एकमेकींना धरल्या की अरुंदपणा राहतच नाही. डेकवरची दोरी सगळीकडून हाताला लागते, फक्त दोरीचा दर्जा सुमार होता, ती बदलली.

तक्रारी. स्केगच्या खाचेत किनाऱ्यावरची वाळू आणि खडे अडकतात आणि ते खाली येत नाही. अशा वेळी स्लायडर जोराने ढकलला तर आतली तार वाकते आणि मग मोठं काम निघतं. उपाय स्वस्त आहे: स्केगच्या टोकाला भोक पाडून चार बोटं दोरी बांधून ठेवली आहे, अडकलं की शेजारच्याला सांगायचं, तो ओढून देतो. एकट्याने जाणाऱ्याला हा उपाय नाही.

दुसरी तक्रार घाटाची, आणि ती बेळगावकरांनाच कळेल. आपण समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर वर. पुढचं हॅच घरी घट्ट बंद करून निघालो की कारवारला पोचेपर्यंत त्याचं रबरी झाकण आत खेचलं जाऊन वाटीसारखं होतं आणि नखं मोडेपर्यंत उघडत नाही. घाट उतरताना रिकाम्या बाटल्या चेपतात, तेच कारण. मागच्या हॅचला हे होत नाही, कारण त्याच्या बल्कहेडला टाचणीएवढं भोक दिलेलं आहे. पुढच्याला आधीच्या मालकाने ते सिलिकॉनने बुजवलंय. पावसाळ्यात मोकळं करणार. तोवर झाकण उघडं ठेवूनच गाडीवर चढवतो.

तिसरी, ऊन. एप्रिलमध्ये रॅकवर पट्टे जरा जास्त आवळले आणि जोयड्याच्या आसपास चहाला थांबलो तेवढ्यात तळाला दोन पोचे पडले. उन्हात उताणी ठेवल्यावर बहुतेक निघाले. आता रॅकवर तळाच्या आकाराचे फोम लावलेत, आणि घरी पडवीत ती बल्कहेडच्या जागी टेकवून ठेवतो, टोकांवर टांगत नाही. सीट तासाभरानंतर कुल्ल्याला टोचते. योगा मॅटचा तुकडा टाकला, प्रश्न मिटला.

कुणी घ्यावी? वर्षातून दोनदा कुटुंबासोबत खाडीत हिंडायचं असेल तर अजिबात नको. रुंद सिट-ऑन-टॉप, म्हणजे आत न शिरता वर बसायची कयाक, घ्या, पोरंही बसतील. ज्यांच्याकडे ग्रुप आहे, महिन्यातून एखादी पहाट समुद्राला देता येते आणि गाडीवर २७ किलो चढवायला घरात दुसरं माणूस आहे, त्यांनी जरूर बघावी. जुनी घेत असाल तर सकाळच्या गुळगुळीत पाण्यात चालवून बघू नका. मालकाला दुपारी तीनची वेळ मागा. किनाऱ्यापासून थोडं बाहेर जाऊन वल्हं मांडीवर ठेवा आणि पाच मिनिटं काहीही न करता बसा. मग स्केग अर्धं खाली करून आडव्या वाऱ्यात चालवा. मालक सकाळचाच आग्रह धरू लागला, तर किंमत पाडून मागा.